पत्रकातला बाप

शास्त्री नगर, जयपूर
१२ सप्टेंबर २००६

प्रिय आत्या,

जयभीम. फोन केला की तू म्हणतेस, पत्र लिही आणि मराठीत लिही, नाहीतर माझी भाची पक्की राजस्थानी होईल. म्हणून लिहिते आहे. हे तिसरं पत्र आहे. पहिलं बाबांनी वाचलं आणि सात चुका काढल्या. दुसरं मीच फाडलं. हे कोणाला दाखवणार नाही, चुका तूच काढ.

मला आठ दिवस झाले चैन नाही. मतलब, चांगल्या कारणाने. आमच्या कॉलेजात हॉलंडहून हेलन नावाच्या एक मॅडम आल्या आहेत. त्यांचे आठ जण डिसेंबरात येऊन चाळीस मुलींसाठी दहा दिवसांचं शिबिर घेणार आहेत, सीतापुऱ्याच्या पुढे एका हॉस्टेलमध्ये. चार लोकांसमोर कसं बोलायचं, भांडण कसं मिटवायचं, दहा जणींकडून काम कसं करून घ्यायचं, हे सगळं शिकवणार. ते आपल्या खर्चाने येतात. पण जेवणाचा आणि राहण्याचा खर्च जमवायचा आहे, थोडा तिकडून आणि थोडा इथून. नोव्हेंबर संपेपर्यंत जमला नाही तर शिबिर उदयपूरला जाईल.

आणि आत्या, मला एका गटाची प्रमुख केलं आहे. शिवाय दुभाषी. मॅडम इंग्रजीत बोलणार आणि मी हिंदीत सांगणार, माइकवर! बाबांनी आठवीपासून इंग्रजीच्या ट्यूशनला पाठवलं, त्याचं फळ. मी आजवर वर्गाची मॉनिटरसुद्धा नव्हते, तुला माहीत आहे. हे शिबिर जयपुरातच झालं पाहिजे. मला जेवताना पण तेच सुचतं. आई म्हणते, पोळीकडे बघ, ती पळून जात नाही.

तुझ्या शाळेतून काही मदत मिळेल का?

तुझी,
रूपाली


बडनेरा
२२ सप्टेंबर २००६

चि. रूपाली,

उत्तमला सात सापडल्या, मला अकरा सापडल्या. पण पत्र आवडलं. धाप लागल्यासारखं लिहितेस, तेवढं सोड.

चार लोकांसमोर कसं बोलावं हे शिकवायला हॉलंडहून माणसं येतात हे मी स्टाफरूममध्ये सांगितलं. उमाकांत सर म्हणाले, आमच्याकडे गप्प कसं बसावं हे शिकवायला कोणी येत असेल तर कळवा. एवढी थट्टा केल्यावर त्यांना पन्नास रुपयांत कोण सोडणार? दोनशे घेतले. सगळ्यांचे मिळून अकराशे झाले आहेत, मनिऑर्डर केली आहे. लाजू नकोस. चांगल्या कामासाठी हात पसरायला आपल्या माणसांना कधी लाज वाटली नाही. विहारासाठी विटा मागत मी चार गावं पायी फिरले आहे.

फक्त एक सांगते. मागताना खरं तेच सांगून माग. तू खरंच सांगशील म्हणा, उत्तमची पोर आहेस.

तुझ्या आईला, सुवर्णाला सांग, सांडगे कोणी येणारं असेल तर पाठवीन.

तुझी आत्या,
कलावती


शास्त्री नगर, जयपूर
३ ऑक्टोबर २००६

प्रिय आत्या,

मनिऑर्डर मिळाली. तुम्ही सगळे किती चांगले आहात! इथे आम्ही चार जणी रोज फिरतो. दुकानात गेलं की नोकर सांगतो, भैया बाहर गए हैं, आणि भैया आत बसलेले दिसतात. सांगानेरहून छापील कापडाच्या पिशव्या आणून कॉलेजच्या दारात विकल्या. बावीस गेल्या, त्यातल्या चार बाबांनीच रेल्वेच्या शेडमधल्या लोकांच्या गळ्यात मारल्या. ते कामावरून येतात आणि चप्पल काढायच्या आधी विचारतात, "किती झाले?" कमी झाले असं सांगताना मलाच कसंतरी होतं.

हेलन मॅडम म्हणतात, असं नाही जमणार. हॉलंडमधल्या लोकांना पत्रक पाठवायचं. त्यात एका मुलीचा फोटो आणि तिने स्वतः लिहिलेलं एक पान, मी इथवर कशी आले. आमच्या चौघींतल्या हिमानीने लिहिलं, मी पण लिहिलं. माझं वाचून मॅडम म्हणाल्या, सुंदर इंग्रजी आहे, पण हे वाचून कोणी खिशात हात का घालावा? खरंच आहे. मी काय लिहिणार? बाबा रेल्वेत फिटर, आई घरी, ट्यूशन लावली, सायकल घेऊन दिली, कोणी कधी हात उगारला नाही. माझ्या आयुष्यात काही झालंच नाही, आत्या!

बरं, एक विचारायचं होतं. तू शाळा कशी शिकलीस? बाबांना विचारलं की म्हणतात, आत्याला विचार. सगळं लिही ना, अगदी सगळं. असंच, मला जाणून घ्यायचं आहे.

रूपाली


बडनेरा
१४ ऑक्टोबर २००६

चि. रूपाली,

तुझं पत्र वाचत बसले आणि गॅसवरचा चहा आटून भांडं काळं झालं. चोपन्न वर्षांची झाले, पण हा प्रश्न मला घरातल्या कोणी विचारला नव्हता. तू विचारलास याचा मला फार आनंद झाला.

सासष्ट साली मी सातवीला केंद्रात दुसरी आले. पुढची शाळा मूर्तिजापूरला. फी माफ होती, मुलींचं वसतिगृहही होतं. पण आई त्या वर्षी अंथरुणाला खिळली आणि तुझ्या आजोबांच्या एकट्याच्या मजुरीत भागेना. ते म्हणाले, "पोरीचं शिकणं आता बस झालं." जूनमध्ये माझ्या बरोबरीच्या पोरी गेल्या आणि मी दारात उभी राहून पाहिल्या. दिवाळीनंतर त्यांनी मला जिनात नेलं. जिन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. कापसाची धूळ नाकात आणि घशात जायची, डोळे सारखे चुरचुरायचे. पहिल्या दिवशी मी रडत होते तर शेजारची मालन म्हणाली, "रडू नको वं पोरी, कापूस ओला होते." सगळ्या हसल्या आणि मीही हसले.

आठवीची पुस्तकं मी मैत्रिणीकडून आणली होती. त्यांची पानं सुटी करून कमरेला खोचून न्यायची आणि दुपारच्या सुट्टीत वाचायची. एकदा तुझ्या आजोबांनी पाहिलं. घरी आल्यावर सगळी पुस्तकं चुलीत घातली. त्या आगीवर भाकरी मला भाजाव्या लागल्या. ती चव मी अजून विसरले नाही.

पण पुढच्या जूनमध्ये त्यांनीच मला मूर्तिजापूरला नेऊन सोडलं. माझी पेटी डोक्यावर घेऊन चालत होते. ते कसं जमलं ते विचारू नकोस. जमलं. पुढचं तुला माहीतच आहे, कलावती मास्तरीण झाली.

आजोबांचा राग करू नकोस. मी केला होता पुष्कळ वर्षं.

आत्या


शास्त्री नगर, जयपूर
२० नोव्हेंबर २००६

प्रिय आत्या,

उशीर झाला, रागावू नको. पैसे जमले! हॉलंडहून एकदम आले, लागत होते त्याहून थोडे जास्तच. शिबिर जयपुरातच होणार, २४ डिसेंबर ते २ जानेवारी. पत्रक फार चाललं असं मॅडम म्हणाल्या. पत्रकावर माझा फोटो आहे.

तुझं पत्र मी खूप वेळा वाचलं.

बाबांना पत्रक फार आवडलं. मी घरी आणणार नव्हते, पण ते स्वतः कॉलेजात येऊन मॅडमकडून वीस प्रती घेऊन गेले. एक तर खिशातच असते, फोटो दिसेल अशी घडी घातलेली. ज्याला त्याला दाखवतात. मला म्हणाले, वाचून दाखव काय लिहिलं आहे. मी म्हटलं, असंच आहे, मुलींनी शिकावं वगैरे. परवा शेडमधून आले. म्हणाले, सोबतच्या सुखदेवला पत्रक दिलं, त्याला इंग्रजी येतं, पण वाचून काहीच बोलला नाही. तसंच परत केलं. मग स्वतःच म्हणाले, जळला असेल.

सगळं मनासारखं झालं आणि तरी मला घरात बसवत नाही. बाबा आले की मी गच्चीवर जाते, गच्चीवर गेले की खाली काय बोलतात ते ऐकायला येते. परीक्षेचं टेन्शन असेल.

रूपाली


बडनेरा
१४ डिसेंबर २००६

रूपाली,

तुझं पत्रक मला मिळालं. तू पाठवलं नाहीस, उत्तमने पाठवलं. सोबत चिठ्ठी होती, "ताई, पोरीचा फोटो छापून आला. शाळेत सगळ्यांना दाखव."

मी दाखवलं. स्टाफरूममध्ये चष्मा लावून मोठ्याने, मराठी करत करत वाचायलाच घेतलं. "मी चौदा वर्षांची असताना माझ्या वडिलांनी माझं शिक्षण थांबवलं. त्यांनी माझी पुस्तकं चुलीत जाळली आणि मला सीतापुऱ्याच्या कारखान्यात कपड्यांचे धागे कापायला पाठवलं." इथे मी थांबले. उमाकांत सरांनी विचारलं, "बाई, हा तुमचा तोच भाऊ ना, रेल्वेतला?" मला पाणी प्यावं लागलं.

माझं आयुष्य हवं होतं तर घ्यायचं होतंस. मी नाही म्हटलं नसतं, माझ्या नावाने छाप म्हटलं असतं. पण तू त्यातला बाप बदललास, आणि मला संताप आला तो त्याचा. कोणाला बसवलंस तिथे, तुला माहीत तरी आहे का?

त्या वर्षी मला परत शाळेत कसं घातलं, ते मी तुझ्यापासून लपवलं होतं. उत्तमने माझ्याकडून शपथ घेतली होती. चाळीस वर्षं पाळली, आज मोडते. तो सहावीत होता आणि वर्गात पहिला आला होता. निकालाचा कागद त्याने विहिरीत टाकला आणि आमच्या बाबांना सांगितलं, "मी नापास झालो. मला डोकं नाही. मी कामाला जातो, ताईला पाठवा." बाबांनी त्याला मारलं. मारून झाल्यावर म्हणाले, बरं. मी जिनातून सुटले आणि माझ्या जागी तो गेला. तेरा वर्षांचा होता. त्याला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून तुझं चाललं. का येत नाही ते आता तुला कळलं असेल.

त्याला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मी पाहिलं आहे, हसत गेला होता. पण त्याच्या पोरीने त्याला पुस्तकं जाळणारा करावा आणि त्याने ते खिशात घेऊन मिरवावं, हे मला सहन होत नाही.

मी त्याला काही लिहिणार नाही. पाप तुझं आहे, तूच निस्तर.

कलावती


शास्त्री नगर, जयपूर
५ जानेवारी २००७

आत्या,

तुझं पत्र शिबिराच्या तीन दिवस आधी मिळालं. मी वाचलं आणि गादीखाली ठेवलं. बाबांना सांगायचं म्हणून रोज ठरवलं. मग शिबिर सुरू झालं. हेलन मॅडमना सांगायचं म्हणून दोनदा त्यांच्या खोलीपर्यंत गेले. एकदा दूध कमी पडलं असं सांगितलं, एकदा गिझर बिघडला असं. दहा दिवस मी चाळीस मुलींना माइकवरून सांगत होते, न घाबरता बोला. मला स्वतःची किळस आली.

शेवटच्या दिवशी पालकांना बोलावलं होतं. दोनशे माणसं असतील. आई-बाबा दुसऱ्या रांगेत होते, बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मध्येच हेलन मॅडमनी त्यांना स्टेजवर बोलावलं. हे मला माहीत नव्हतं, आत्या, शपथ. बाबांना वाटलं, सत्कार आहे. हात जोडून उभे राहिले. मॅडम इंग्रजीत म्हणाल्या, "या वडिलांनी एकेकाळी मुलीची पुस्तकं जाळली, तिला कारखान्यात पाठवलं. आज ते तिच्यासाठी वाजणाऱ्या टाळ्या ऐकायला इथे आले आहेत. माणूस बदलतो. त्यांना विचारू या, तुम्ही कशाने बदललात?" आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "रूपाली, प्लीज."

मी काहीही सांगू शकले असते. "मॅडम पूछ रही हैं, आपको अपनी बेटी पर गर्व है?" बाबा हो म्हणाले असते, मी इंग्रजीत काहीतरी सुंदर सांगितलं असतं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. बाबा माझ्याकडे बघत होते. मी काय सांगते त्याची वाट बघत होते, कारण त्यांना माझ्याशिवाय कळायला दुसरा रस्ता नव्हता.

मी जसंच्या तसं सांगितलं. एक शब्द सोडला नाही. बाबांचे हात जोडलेलेच राहिले. मग मी म्हटलं, ये झूठ है, मैंने लिखा है, मेरे पापा ने मुझे कभी एक दिन भी स्कूल से नहीं रोका. मग तेच इंग्रजीत, मॅडमसाठी. मॅडमचा चेहरा लाल झाला. मी पुढे म्हणाले, उन्होंने तो अपनी पढ़ाई... आणि बाबांनी माइक माझ्या हातातून काढून घेतला. मला हळूच म्हणाले, "बस."

मग ते बोलले. शेडमध्ये बोलतात तसं, थांबून थांबून. "कहानी झूठी नहीं है जी. मेरी बहन की है. उसका नाम कलावती है. बडनेरा में टीचर है, ग्यारह सौ रुपया उसने भी भेजा है. काग़ज़ पर उसका नाम लिखिए. और हमारे बाप ने किताबें जलाई थीं, पर बाद में बहन की पेटी सिर पर उठाकर वही छोड़ने गया था. वो भी लिखिए." माइक मला परत दिला आणि म्हणाले, "मॅडमला सांग." मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही.

गटप्रमुखाचं प्रमाणपत्र मला मिळालं नाही, ते बरोबरच आहे. ज्यांनी पैसे दिले त्या सगळ्यांना मी इंग्रजीत पत्र लिहिलं आहे, खरं काय ते. मॅडम पाठवणार आहेत. कोणी पैसे परत मागितले तर काय, ते त्यांनाही माहीत नाही.

तीन दिवस झाले, बाबा माझ्याशी बोलत नाहीत. रागावलेले दिसत नाहीत. ताटात भात वाढला की "पुरे" म्हणतात, तेवढंच. मी त्यांच्यासमोर बसते आणि उठते. तू काहीतरी कर, आत्या. तू सांगितलंस तर ते ऐकतील.

रूपाली


जयपूर
११ जानेवारी २००७

ताई,

जयभीम. रूपालीने तुला लिहिलं हे तिने सुवर्णाला सांगितलं. तू शपथ मोडली हेही कळलं, तुझं पत्र तिने माझ्या उशीवर ठेवलं होतं. वाचलं. मोडली ते मोडली, तुझ्यावर राग नाही.

पोरीवरही राग नाही. स्टेजवर तिने पळवाट काढली नाही, ते मी पाहिलं. शेडमध्ये सुखदेवला आता खरं सांगितलं, तो माझ्याशी बोलायला लागला. पण ताई, तिला बाप कसा लिहायचा असा प्रश्न पडला तेव्हा पुस्तकं जाळणारा सहज लिहिता आला, हे मला लागलं. मग मी विचार केला, तिला माझं काय माहीत होतं? मी काही सांगितलंच नव्हतं. विचारलं की तुझ्याकडे पाठवत होतो.

तू तिला लिहिलं की शाळा सोडल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, मी हसत गेलो. ते खरं नाही ताई. तुझ्यासमोर हसलो. जिनात गेल्यावर रोज वाईट वाटायचं. दुपारी शाळेची घंटा ऐकू यायची तेव्हा मी यंत्राच्या जवळ जाऊन उभा राहायचो, म्हणजे ऐकू येऊ नये. आजही तिची पुस्तकं उघडतो तेव्हा वाटतं. तरी पुन्हा तसंच केलं असतं.

हे तू तिला लिहू नको. मी सांगतो. आत्ता ती दारात उभी आहे आणि मी कोणाला लिहितो आहे ते विचारायची तिला हिंमत होत नाही. हे पत्र पाकिटात घालायच्या आधी तिलाच वाचायला देतो.

तुझा,
उत्तम